चुकीच्या दारावर सांडलेले रडणे

सुज्ञ वाचकांस प्रथमतः विदित करतो की, प्रस्तुत कथेत कोणा थोर पुरुषाचे चरित्र नाही, युद्ध नाही व प्रेमप्रकरणही नाही. एक गाडी असोद्याहून निघाली, सोनगीर येथे पोहोचली आणि चुकीच्या दारी थांबली, एवढाच या कथेचा विस्तार आहे. तथापि त्या थांबण्यामुळे एका विधवा बाईचे माहेर जन्माचे तुटण्याच्या बेतास आले होते. आणि ज्याच्यामुळे ते आले, तो मनुष्य त्या वेळी जीवनाचे ध्येय या विषयावर बोलत होता. म्हणून ही हकीकत लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले. माझे शिक्षण आठवीपर्यंत झालेले असून असोदे येथे माझी पिठाची गिरणी आहे. भाषा मी गावच्या वाचनालयातील पुस्तके वाचून जमविली आहे. रचनेत दोष आढळल्यास पोटात घालावेत. मतांत दोष आढळल्यास ते या झुलाल गिरणीवाल्याचे मत आहे असे समजून पुढे जावे.

आता त्या मनुष्याविषयी. योगेंद्र हा आमच्या गल्लीतील गिरधर यांचा एकुलता एक मुलगा. तो बी. ए. झाला. नंतर काही वर्षे स्पर्धा परीक्षांची पुस्तके उशाशी घेऊन झोपला. उशी उंच झाली, ज्ञान होते तेवढेच राहिले. शेवटी बापाने केळीच्या बागेचे उत्पन्न खर्ची घालून त्यास एक क्रूझर गाडी घेऊन दिली आणि म्हटले, "बाबा, परीक्षा खूप दिल्यास, आता भाडं घे." तेव्हापासून तो लग्नाची वऱ्हाडे, देवदर्शनाची मंडळी आणि मुख्यत्वेकरून दारावर जाणारी माणसे नेऊ लागला.

दारावर जाणे म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरील वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे मयत झाल्यावर नातलगांनी त्या घरी जावे, पुरुषांनी दारासमोरील मांडवात मुकाट्याने बसावे, बायकांनी घरातील बायकांच्या गळ्यात पडून रडावे, यास दारावर जाणे म्हणतात. सुतकाच्या अखेरीस गंधमुक्ती होते, म्हणजे घरच्यांच्या कपाळी पुन्हा गंध लागते व जेवण होते. कोणी लग्नास आला नाही, हे लोक विसरतात. दारावर आला नाही, हे नातवंडांच्याही तोंडून निघते.

असे हे महत्त्वाचे काम योगेंद्राच्या हाती होते, आणि त्यास त्या कामाची लाज वाटत असे. अशातच तो जळगावी एका मंगल कार्यालयात भरलेल्या जीवनध्येय शिबिरास गेला. तेथे भर उन्हाळ्यात कोट घातलेल्या एका गृहस्थाने सर्वांस डोळे मिटावयास लावले, टाळ्या वाजवावयास लावल्या आणि सांगितले की, तुम्ही काय काम करता हे क्षुद्र आहे. का करता, हे थोर आहे. रोजच्या कामामागचा महान हेतू ज्यास सापडला, तो जिंकला. डोळे मिटून टाळ्या वाजविणाऱ्या माणसास काहीही सापडू शकते, हे मी मान्य करतो. योगेंद्रासही सापडले. परत येताच त्याने गाडीच्या मागील काचेवर पेंटरकडून रंगवून घेतले : 'आम्ही अंतर नव्हे, दुरावा कापतो.' त्यानंतर तो माझ्या गिरणीत आला. मी बाजरी दळत होतो.

"नाना," तो पट्ट्याजवळ उभा राहून म्हणाला, "तुम्ही एवढी वर्षं दळण दळता, पण का दळता, याचा विचार केलाय कधी?"

"बायका डबा ठेवून जातात म्हणून."

"ते झालं काय. मी का विचारतोय."

"बाजूला हो. पट्टा चालू आहे. बाही सापडली म्हणजे का ते लगेच समजेल."

तो हसला. हसणे दयेचे होते. ज्ञान प्राप्त झालेला मनुष्य अडाण्याकडे पाहून हसतो, तसे. "नाना, मी आता गाडी चालवत नाही," तो म्हणाला. "मी माणसाला माणसापर्यंत पोहोचवतो. काम तेच, पण दृष्टी बदलली."

"भाडं बदललं का?"

"तुम्हाला नाही कळणार."

मला खरोखरच कळले नाही, आणि न कळल्याचा मला अभिमान आहे. दगडास वेळेवर टाकी लावली नाही, म्हणजे छिन्नीने टाचून धार दिली नाही, की पीठ भरड निघते आणि डबा घेऊन बाई परत येते. ती जे बोलते त्यात माझ्या कामाचा संपूर्ण हेतू आलेला असतो. त्यासाठी मला कोटवाल्यास पैसे भरावे लागत नाहीत. हेतू हा दळणाबरोबर आपोआप पडतो. जो दगड बंद ठेवून हेतू शोधतो, त्याच्या डब्यात वारा भरतो. असो.

अशा प्रकारे दृष्टी बदललेल्या योगेंद्राची गाडी कुंदाबाईंनी सांगितली.

कुंदाबाई म्हणजे माझे दिवंगत मित्र लोटन यांची पत्नी. मुलगा सुरतेस नोकरीस असल्याने घरी एकट्याच. त्यांचे माहेर सोनगीरचे, आणि माहेरात एकच भाऊ, वना. या भावाबहिणीत अनेक वर्षे बोलणे नव्हते. कारण ऐकाल तर हसाल, पण आमच्याकडे अशाच कारणांनी घरे मोडतात. वनाच्या मुलाच्या लग्नात मानकऱ्यांना टोपी-टॉवेल देताना माईकवर लोटन यांचे नाव पुकारावयाचे राहिले. जावई भर मांडवातून उपाशी उठले. पुढे लोटन वारले, तेव्हा वना दारावर आला. पण त्यास रडू आले नाही. तो नुसता बसून राहिला. कुंदाबाई सर्वांसमक्ष म्हणाल्या, "कोरडा डोळा लई उना का रे? मंग पाव्हना म्हनीसन उना तू." आणि त्यांनी पाठ फिरविली. वना पाणी न पिता उठून गेला. तेथून दोन्ही दारे बंद.

आता वनाची बायको भिकुबाई वारली होती. निरोप कोणीही दिला नाही. बाजारात तिसऱ्याच माणसाकडून समजले. समजले तेव्हा गंधमुक्ती दुसऱ्या दिवसावर आली होती. दारावर न येता थेट गंधमुक्तीस येणाऱ्या नणंदेस सारे गाव 'जेवायला आली' असे म्हणते. म्हणजे जायचे तर आजच, आणि आज गेले नाही तर कधीच नाही. कुंदाबाई माझ्याकडे आल्या. दारावर जाणाऱ्या बायकांसोबत एक जाणता पुरुष लागतो. मी गिरणी बंद केली. गल्लीतील दोन बायका सोबतीस आल्या.

गाडी निघाली. कुंदाबाई मागच्या आसनावर पदर डोक्यावरून पुढे ओढून बसल्या होत्या आणि एक शब्दही बोलत नव्हत्या. न बोलण्याची उणीव योगेंद्र भरून काढीत होता. एरंडोल येईपर्यंत त्याने आम्हांस आंतरिक प्रेरणा समजावून सांगितली. पारोळ्यापर्यंत सकारात्मकता आली. एक म्हैस रस्त्यात आडवी आली, तिच्यातही त्यास काही संदेश दिसला. मी म्हणालो, "संदेश राहू दे, हॉर्न वाजव."

पारोळ्यास चहासाठी थांबलो. कुंदाबाई उतरल्या नाहीत. मी कप घेऊन खिडकीपाशी गेलो.

"घ्या वहिनी. घोटभर घ्या."

"नको, झुलालभाऊ. तोंड उघडं का रडू फुटी जाई." त्यांनी पदर तोंडास लावला. "घरपाईन दाबी ठेयेल शे. त्याना दारवर जाईसनच मोकळं करसू. मी त्याले कोरडा म्हनेल शे ना भाऊ? आते मी कोरडी गयी ते तो माले उंबरठा चढू देवाव नही. आनि तो खराच ऱ्हाई."

येथे मी वाचकांस थांबवून सांगतो की, या प्रवासात जे मौल्यवान सामान होते ते हेच. त्या बाईने आपले रडणे असोद्यापासून सांभाळून आणले होते, जसे कोणी काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर आणावा. गाडीवानाचे काम एकच होते : तो हंडा वनाच्या दारापर्यंत न हिंदकळता न्यावा. यात का व कशासाठी असे काहीही शोधावयाचे शिल्लक नव्हते.

सोनगीरचा किल्ला दिसू लागला तेव्हा दुपार कलली होती. वनाने गावातील जुने घर सोडून महामार्गालगतच्या नव्या प्लॉटांत घर बांधले होते. ते घर कुंदाबाईंनी पाहिलेले नव्हते. भांडण झालेल्या भावाचे नवे घर बहिणीस कोण दाखविणार?

"योगेंद्रा," मी म्हणालो, "स्टँडवर थांब. टपरीवर विचारून घे."

"नाना, दुःखाचं घर विचारावं लागत नाही. ते आपल्याला बोलावतं."

"मला काही बोलावलेलं ऐकू येत नाही. विचार."

"विश्वास ठेवा. आपण फक्त गाडी चालवत नाही आहोत, आपण..."

वाक्य पूर्ण करण्याच्या नादात त्याने गाडी प्लॉटांच्या दुसऱ्याच गल्लीत वळविली. समोर एका घरापुढे मांडव होता. मांडवात सतरंजीवर पांढऱ्या टोप्या घातलेली पुरुष मंडळी ओळीने बसली होती. "बघा!" योगेंद्र म्हणाला, आणि त्याने ब्रेक लावला.

ब्रेक लागताच सोबतच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे सूर धरला. तो सूर ऐकताच कुंदाबाईंचा बांध फुटला. मी दार धरून "थांबा, थांबा" म्हणतो आहे, कारण मला त्या पुरुषांच्या कपाळांवर ताजे गंध दिसले होते. दुखवट्याच्या मांडवात गंध असत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरासही ठाऊक असते, बी. ए. झालेल्यास नव्हते. परंतु पदराआडून कुंदाबाईंना काय दिसणार? त्या धावतच उतरल्या.

"मन्ही भिकुवहिनी वं! माले टाकी कथा गयी वं! तुन्ही नणंद उनी वं, एकदाव बोल ना वं!"

आणि दारात हळदकुंकवाचे ताट घेऊन उभ्या असलेल्या एका जरीचे पातळ नेसलेल्या बाईच्या गळ्यात त्यांनी मिठी घातली. ताट खाली पडले. ते घर पुष्पाबाई नावाच्या गृहिणीचे होते आणि त्यांच्या मुलीची सुपारी फुटत होती, म्हणजे सोयरीक पक्की होत होती. नवऱ्या मुलाकडील मंडळी सतरंजीवर बसली होती. नारळ मध्ये ठेवलेला होता.

पुष्पाबाई घाबरून विचारीत होत्या, "कोन मरनं? अवो बाई, कोन मरनं ते सांगा ना!" उत्तर म्हणून कुंदाबाईंचा हुंदका अधिकच वाढला. तेव्हा पुष्पाबाईंनी आपल्या मनानेच ठरविले की, माहेरी आपली आई गेली असून हे निरोप घेऊन आलेले लोक आहेत. आणि त्यांनीही "मन्ही माय वं" म्हणून हंबरडा फोडला. आता दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून दोन निरनिराळ्या मयतांसाठी रडू लागल्या. आमच्या सोबतच्या दोघी समाधानाने त्यांत सामील झाल्या. घरातून नवरी मुलगी धावत आली आणि कोणासाठी ते न विचारता तीही रडू लागली.

हे सर्व उलगडावयास बराच वेळ गेला. उलगडल्यावर अधिक वाईट झाले.

मुलाचे मामा उभे राहिले. लग्नकार्यात सर्वत्र आढळणारा हा प्राणी असून रुसण्यावाचून त्यास दुसरा व्यवसाय नसतो. सकाळपासून रुसण्याजोगे काही न मिळाल्याने ते बेचैन असावेत. "सुपारी फुटाना आधी रडारड!" ते गरजले. "उठा रे बठ्ठा! हाई सोयरीक आमले नको!"

मंडळी अर्धवट उठली. पूर्ण कोणी उठले नाही, कारण आतून वरण-बट्टीचा वास येत होता. मुलीचे वडील हात जोडू लागले. मी माझ्या परीने क्षमा मागत होतो, आणि ती मिळण्याच्या रंगातही आली होती. तोच योगेंद्र मांडवाच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला.

"मंडळी," त्याने दोन्ही हात पसरले, "शांत व्हा. प्रत्येक घटनेमागे एक हेतू असतो. आज आपण इथं आलो, यातही काही हेतू असेल..."

"तू कोन शे?" मामांनी विचारले.

"मी माणसं जोडण्याचं काम करतो."

"आमनी जोडेल सोयरीक तोडी तू, आनि सांगस माणसं जोडस? काढा रे याना गाडीनी किल्ली!"

कोणीतरी किल्ली काढून घेतली. दोन तगडे पोरगे गाडीच्या पुढे जाऊन बसले. सोयरीक राहते की मोडते याचा निकाल लागल्याखेरीज गाडी हलणार नाही, असे ठरले. योगेंद्राचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. आयुष्यात प्रथमच त्याच्या भाषणास श्रोत्यांकडून प्रामाणिक दाद मिळाली होती.

सोयरीक वाचविली ती पुष्पाबाईंच्या सासूने. पार्वताबाई नावाची ही म्हातारी उंबरठ्याशी तंबाखू मळीत बसली होती आणि इतका वेळ तिने मान वर केली नव्हती. तिने तंबाखू दाढेत ठेवली व म्हटले, "काय व्हयनं एवढं? पोर सासरी जास तवय बठ्ठ्या रडतीस. हाई बाई जराशी आगाऊ रडी गयी. लगीनमा तेवढं कमी रडनं पडी."

कोणीतरी फिस्सकन हसले.

"आनि काय रे मामा," म्हातारीने त्यांच्याकडे बोट केले, "तुन्ही बहीन सासरी गयी तवय तू रडना व्हता का नही? का तवय बी वरण-बट्टीकडे देखत व्हता?"

आता सारा मांडव हसला. मामा सतरंजीवर बसले. त्यांनी तोंड वाकडे ठेवले, पण बसताना ते आतल्या चुलीकडे तोंड करून बसले, हे मी पाहिले. नारळ फुटला. किल्ली परत मिळाली. एखाद्या प्रतिष्ठित मनुष्याची तत्त्वे किती दृढ असतात, हे पाहावयाचे असल्यास त्यास जेवणाच्या वेळी पाहावे.

इकडे कुंदाबाई गाडीत जाऊन बसल्या होत्या. मी जवळ गेलो. पदर मागे सरकलेला होता. डोळे सुजलेले, आणि कोरडे ठणठणीत.

"सरी गयं, झुलालभाऊ," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "बठ्ठं रडनं सरी गयं. एक बी टिपूस उरनं नही. आते मी वनाना दारवर काय लई जाऊ?"

"चला तर खरं. तिथं गेल्यावर येईल."

"येत नही भाऊ. मी वळखस मन्हा जीवले. लोकेसना उंबरठावर उपसी टाकं मी." त्यांनी काचेबाहेर पाहिले. उन्हे पिवळी झाली होती. "गाडी फिरवा. खोटं रडसू ते त्याले समजी. कोरडी जासू ते तो पाठ फिरवी. त्यान्हापेक्षा नही गयी ते बरं."

मी योगेंद्राकडे वळलो. मी त्यास जे बोललो ते येथे संपूर्ण लिहिणे वाचनालयात ठेवावयाच्या लेखनास शोभणार नाही. सारांश देतो. "माणसाला माणसापर्यंत पोहोचवणारा तू! पाच मिनिटं उतरून टपरीवर विचारलं असतंस तर तुझ्या हेतूला ताप आला असता का? ही बाई तुला जीवनाचा रस्ता दाखव म्हणाली नाही, ज्ञान दे म्हणाली नाही. मला एका दारापर्यंत ने म्हणाली. एवढं एक काम! तेवढं सोडून सगळं केलंस. आता विचार तुझ्या कोटवाल्याला, हिचं माहेर कुठल्या दृष्टीनं बदलायचं ते."

त्याचा चेहरा उतरला होता. तो वळला आणि पायीच महामार्गाच्या दिशेने चालू लागला. मला वाटले, पळाला. असल्या लोकांचा हेतू संकटात प्रथम पायांत उतरतो. किल्ली त्याच्याजवळ होती, म्हणून मी मागोमाग गेलो.

तो पळाला नाही. टपरीवर थांबला. टपरीवाल्यास नमस्कार करून त्याने विचारले, "वना आबांचं घर कुठं आहे? ज्यांच्या घरी मयत झाली ते." टपरीवाल्याने हात करून सांगितले. त्याने पुन्हा विचारले, "नक्की ना? दुसरं कोणी वना नाही ना गावात?" खात्री करून घेऊन तो निघाला. दोन गल्ल्या ओलांडल्यावर ते घर आले. तसाच मांडव, तशाच टोप्या, पण कपाळे उघडी. मधोमध मुंडण केलेल्या मुलाशेजारी वना बसला होता.

योगेंद्र पायताण काढून सतरंजीच्या कडेस बसला. रिवाजाप्रमाणे थोडा वेळ मुकाट बसला. मी त्याच्या मागे बसलो. मग तो म्हणाला, आणि या वेळी त्याने हात पसरले नाहीत :

"आबा, मी असोद्याची गाडी आणलीय. तुमच्या बहीण कुंदाबाई गाडीत आहेत."

वना हलला नाही. मांडवातील माना मात्र वळल्या.

"मी रस्ता विचारला नाही, आणि त्यांना दुसऱ्याच दारावर उतरवलं. त्या तिथं भिकुआक्कांच्या नावानं रडल्या. सगळं रडल्या, आबा. असोद्यापासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता, पाणी प्यायल्या नव्हत्या, फक्त तुमच्या दारावर रडायचं म्हणून. आता त्यांच्या डोळ्यांत काही उरलं नाही, म्हणून त्या उतरायला तयार नाहीत. चूक माझी आहे. त्या कोरड्या नव्हत्या."

वनाने खालीच पाहत विचारले, "कोना दारवर रडनी?"

"प्लॉटातल्याच. पुष्पाबाई म्हणून आहेत. त्यांच्याकडे आज... मुलीची सुपारी होती."

"सुपारीमा?"

"हो."

"कोना गळामा पडनी?"

"पुष्पाबाईंच्याच. त्यांना वाटलं त्यांची आई वारली. मग त्याही रडल्या. नवरीपण रडली."

वनाने खांद्यावरचा पंचा तोंडास लावला. खांदे हलू लागले. शेजारचे लोक "आबा, धीर धरा" म्हणत पुढे सरकले. त्याने पंचा काढला तेव्हा दिसले की, तो हसत होता. बायकोच्या गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी, साऱ्या भाऊबंदांसमक्ष हसत होता आणि थांबवू शकत नव्हता. "भिकु आज जिवत ऱ्हाती ना," त्याने कसेबसे म्हटले, "ते हाई ऐकीसन हासी हासी लोळती..." त्या 'ऱ्हाती' या शब्दावर त्याचा आवाज फाटला, आणि मग तो रडला. आजवर कोणी त्यास इतके रडताना पाहिले नव्हते, असे मला नंतर त्याच्या मुलाने सांगितले.

भाऊबंदांपैकी एक वृद्ध नापसंतीने म्हणाले, "दुखवटामा हासनं चांगलं नही." जगात काय चांगले नाही याची यादी अशा वृद्धांपाशी तयार असते, चांगले काय ते विचारल्यास चहा मागतात.

दुखवट्यातील घरधनी आल्यागेल्यासाठी उठून उभा राहत नाही. वना उठला. पंचा खांद्यावर टाकून, अनवाणीच, तो आमच्यासोबत चालत गाडीपर्यंत आला. कुंदाबाईंनी त्यास पाहिले आणि पदर पुढे ओढला.

"कुंदे, उतर."

"मन्हा डोळा कोरडा शेतस, वना."

"शेतस ते ऱ्हाऊ दे. मन्हा बी त्या सालले कोरडा व्हतात. लोटनभाऊ गया त्या रोज माले रडूच ये ना. घर जाईसन मांगे खळामा रडनू, एकलाच. कोले सांगू? तू पाठ फिरायेल व्हती."

कुंदाबाईंनी पाय खाली टाकला. वनाने हात दिला, कारण क्रूझरची पायरी उंच असते. दोघे पुढे व आम्ही मागे असे चालत गेलो. त्यांच्या गल्लीतील बायका, नणंद आली म्हणून, मोठा आक्रोश ऐकावयास ओट्यांवर सिद्ध होऊन उभ्या होत्या. त्यांची घोर निराशा झाली. बहीण-भाऊ त्यांच्यासमोरून गेले ते हळू आवाजात घराच्या बांधकामाविषयी बोलत. "स्लॅब कदी टाका?" बहिणीने विचारले. "गये साल," भावाने सांगितले. एक बाई दुसरीस म्हणाली, "हाई कसं दारवर येनं?"

कुंदाबाई त्या रात्री माहेरी राहिल्या. गंधमुक्तीस त्यांनीच पंक्तीत वाढले. 'जेवायला आली' असे म्हणण्याची सोय कोणास राहिली नाही.

आम्ही परत निघालो तेव्हा सांज झाली होती. मला वाटले, आता योगेंद्र या घटनेतून काही थोर बोध काढील, आणि धुळे येईपर्यंत मला तो ऐकावा लागेल. मी त्यासाठी दातही आवळून ठेवले होते. त्याने काही काढले नाही. गाडी सावकाश चालविली. मागे बसलेल्या बायकांपैकी एकीस झोप लागली होती. खड्डा आला की तो आधीच वेग कमी करीत होता.

अलीकडे त्याचे वागणे असे आहे की, निघण्यापूर्वी तो पत्ता विचारतो, फोन करून पुन्हा विचारतो, गावात शिरल्यावर उतरून तिसऱ्याने विचारतो, आणि मांडव दिसला तर आधी पायी जाऊन कपाळे पाहून येतो. हे आता अतिरेकास गेले आहे. परवा मला तालुक्यास जावयाचे होते तर म्हणाला, "नाना, कुठल्या दारी उतरायचं ते नीट सांगा." मी म्हणालो, "मूर्खा, मी दाताच्या डॉक्टरकडे चाललो आहे." तरी तो माझ्याआधी आत जाऊन, डॉक्टर बसले आहेत याची खात्री करून आला. सोबतच्या माणसांस हसू आले. मला आले नाही. दगडास टाकी लावल्यावर पहिले दळण जरा खरखरीत निघते; त्यावरून दगडास नावे ठेवू नयेत, एवढे मी या व्यवसायात शिकलो आहे.

शिबिरवाल्यांचा त्यास मध्यंतरी फोन आला होता. शिबिरामुळे जीवन कसे बदलले, हे चार लोकांसमोर येऊन सांगावे, मंचावर सत्कार होईल, असे म्हणत होते. मी समोरच होतो. त्याने तारीख विचारली आणि म्हणाला, "त्या दिवशी जमणार नाही. वरणगावला दारावरचं भाडं आहे. म्हातारी बाई आहे, तिला उजेडात पोहोचवायचं आहे." पलीकडून काही उच्च विचार सांगण्यात येऊ लागले असावेत, कारण त्याने फोन कानापासून दूर धरला, आणि मला खुणेने विचारले की, वरणगावला जायचे तर भुसावळ गावातून जावे की बाहेरून. मी सांगितले, बाहेरून.

इतके लिहून मी लेखणी खाली ठेवतो. ज्या वाचकांनी आपले काम बाजूस ठेवून हे वाचले, त्यांचा मी ऋणी आहे. आणि ज्यांनी आधी काम उरकून मग वाचले, त्यांचा काकणभर अधिक.

आपला नम्र,
झुलाल आधार महाजन,
पिठाची गिरणी, असोदे, जिल्हा जळगाव